पर्स उघडण्याआधी कोपरे बघा

ब्रँडेड हँडबॅगांविषयी प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या पत्रांपैकी निम्मी जुन्या पर्सच्या खरेदीबद्दल आहेत आणि उरलेल्यांत पावसाळाच पावसाळा आहे. म्हणून त्या दोन उत्तरांना जागा जास्त दिली आहे.

लुई व्हितॉनची नेव्हरफुल घ्यायची, असं पहिल्या मोठ्या बोनसच्या वेळी ठरवलं होतं. आता मैत्रीण म्हणते, ती चामड्याची नसतेच. मग एवढे पैसे कशाचे? – एक वाचक, पुणे

मैत्रीण बरोबर सांगते आहे. नेव्हरफुलचा किंवा स्पीडीचा तपकिरी नक्षीचा भाग म्हणजे सुती कॅनव्हासवर चढवलेला पीव्हीसीचा थर. जात रेग्झिनचीच, प्रत मात्र फार वरची. ही मोनोग्राम नक्षी संस्थापक लुई यांचे पुत्र जॉर्ज व्हितॉन यांनी १८९६ साली प्रवासी ट्रंकांसाठी आणली. आज हाताला लागतो तो मऊ, लेपाचा कॅनव्हास १९५९ पासूनचा. पाणी शोषत नाही, ओरखडा चटकन दिसत नाही, ओल्या फडक्याने पुसला की झालं. रोज वापरायला चामड्यापेक्षा तो सोयीचा, म्हणून त्याला कमी लेखायचं कारण नाही. पैशांचा मोठा वाटा नावाचा आहे, हे आधीच मान्य करून घेतलीत तर पुढे हळहळ वाटणार नाही.

बघायचं ते दुसरंच. मोनोग्रामच्या बहुतेक पर्सांची हँडल आणि कडा ‘वाकेता’ नावाच्या चामड्याच्या असतात. हे वनस्पतीजन्य पद्धतीने कमावलेलं, वरून कसलाही लेप न दिलेलं गाईचं चामडं. कोल्हापुरी चपलेचं चामडंही बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, त्यामुळे नवी चपल फिकी असते आणि पायात घालता घालता गडद होत जाते, हे तुम्ही पाहिलंच असेल. वाकेताचं तेच. नवं असताना सायीच्या रंगाचं, दोनेक वर्षांत मधाच्या रंगाचं. पण नव्या वाकेतावर पावसाचा थेंब पडला की गोल डाग राहतो. पाणी सुकताना चामड्यातला रंग कडेला ढकलतं आणि तिथे वळ उठतो. थेंब पडलेच तर घासू नका. कोरड्या सुती कापडाने टिपा आणि पंख्याखाली सुकू द्या. हेअर ड्रायर लावलात तर चामडं कडक होईल.

पुण्या-मुंबईत चार महिने पाऊस, म्हणून पहिली पर्स म्हणून आमची पसंती ‘दामिए एबेन’ या चौकटींच्या नक्षीतल्या नेव्हरफुलला. तिच्या कडा गडद, लेप दिलेल्या चामड्याच्या असतात आणि थेंबांची काळजी राहत नाही. आणि नेव्हरफुलमध्ये रोज लॅपटॉप नेऊ नका. पट्टे बारीक आहेत, खांद्याला रुततात, आणि पट्टा पर्सला जिथे जोडलेला असतो तिथला कडेचा रंग आधी तडकतो.

इन्स्टाग्रामवर एक ताई वापरलेल्या ब्रँडेड पर्स विकतात. फोटो छान असतात. खरी-खोटी कशी ओळखायची? – एक वाचक, ठाणे

छान फोटोंनीच घात होतो. तुम्हाला वाईट फोटो हवेत. खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, फिल्टर न लावता, पर्सशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून पुढचे फोटो मागा: तळाचे चारही कोपरे जवळून, हँडलची आतली बाजू, पट्टा जोडलेली टोकं, झिपचा पुलर दोन्ही बाजूंनी, शक्य तिथे अस्तर बाहेर ओढून, खिशाचा तळ, आतला शिक्का. द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

सगळ्यात आधी कोपरे. पर्स टेबलावर, जमिनीवर, गाडीत टेकते ती कोपऱ्यांवर. म्हणून माल खरा असो की खोटा, वापर किती झाला ते कोपरे सांगतात. रंग उडाला असेल तर तो पुन्हा देता येतो. चामडं झिजून कडेच्या गोटातली दोरी दिसायला लागली असेल तर दुरुस्ती महाग पडते आणि दिसून येते. मग हँडल. त्याच्या कापलेल्या कडेवर रंगाचा जो चकचकीत थर असतो तो तडकला किंवा चिकट झाला असेल, तर खर्च धरूनच किंमत बोला. पर्स ‘नव्यासारखी’ म्हणून दाखवली आणि शिवणीच्या धाग्यावरही चामड्याचा रंग चढलेला दिसला, तर ती वरून रंगवलेली असण्याची शक्यता मोठी. कारखान्यात चामडं आधी रंगतं, धागा नंतर येतो. ब्रशला ते कळत नाही. कोरलेल्या नावाच्या खाचा रंगाने भरल्या असतील तर तीही तीच खूण.

आता खरेपणाच्या खुणा. लुई व्हितॉनच्या पर्सांत साधारण १९८० च्या दशकापासून मार्च २०२१ पर्यंत ‘डेट कोड’ असायचा. लोक त्याला सीरियल नंबर म्हणतात, पण तो एका पर्सचा क्रमांक नसून कारखाना आणि काळ सांगणारी खूण आहे. त्या बॅचच्या सगळ्या पर्सांत तोच कोड. २००७ नंतरच्या कोडमध्ये दोन अक्षरं आणि चार आकडे असतात. पहिला आणि तिसरा आकडा मिळून आठवडा, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. म्हणजे ‘सीए ४१३९’ असेल तर २०१९ चा ४३ वा आठवडा. ‘सीए’ हा स्पेनचा कारखाना, तेव्हा शिक्क्यावर ‘मेड इन स्पेन’ हवं. ‘६११९’ दिसलं तर ६१ वा आठवडा होतो, आणि असा आठवडा कॅलेंडरात नाही. १९९० ते २००६ च्या कोडमध्ये आठवड्याच्या जागी महिना असतो. तिथेही आठवडाच वाचण्याची चूक खूप जण करतात आणि चांगली पर्स खोटी ठरवून टाकतात. २०२१ नंतर कोड गेला, चिप आली. फोन चिपपाशी नेल्यावर काहीतरी वाजलं म्हणजे पर्स खरी, असं नाही. तेवढं वाजणारी चिप नकलेतही बसवता येते.

शनेलच्या फ्लॅप बॅगवर, म्हणजे झाकणाच्या पर्सवर, एकमेकांत गुंतलेले दोन ‘सी’ असतात. वरच्या बाजूला उजवा ‘सी’ डाव्याच्या वर आणि खालच्या बाजूला डावा ‘सी’ उजव्याच्या वर असायला हवा. पाठीमागच्या खिशावरची चौकटींची शिवण मागच्या चामड्यावरच्या शिवणीशी जुळून एक सलग रेघ व्हायला हवी. एर्मेस कंपनीच्या ‘बर्किन’ आणि ‘केली’ या पर्सांची शिवण हाताची: एकच मेणवलेला लिननचा धागा, दोन सुया, दोन्ही बाजूंनी एकाच भोकातून. असा टाका किंचित तिरपा बसतो. मशीनची शिवण अगदी सरळ, एकसारखी दिसते. हाताच्या शिवणीचा फायदा असा की एक टाका तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत.

एवढं सांगून झाल्यावर एक कबुली. हल्लीच्या वरच्या प्रतीच्या नकलांत ‘सी’ बरोबर गुंततात आणि चौकटीही जुळतात. वरच्या खुणांपैकी एखादी चुकली तर पर्स टाळा. सगळ्या जुळल्या तर फक्त पहिली चाळण पार पडली, एवढंच. त्यानंतर पैसे घेऊन फोटोंवरून तपासणी करणाऱ्या एखाद्या त्रयस्थ सेवेकडून खात्री करून घ्या, तीही परतीची मुदत संपण्याआधी. विकणाऱ्याने स्वतःच दिलेल्या प्रमाणपत्राला आम्ही शून्य किंमत देतो. कंपनीची दुकानं बाहेरून घेतलेली पर्स सहसा तपासून देत नाहीत, तेव्हा ‘शोरूममध्ये दाखवा ना’ या वाक्यावर विसंबू नका. पैसे क्रेडिट कार्डाने द्या. वाद झाला तर बँकेकडे दाद मागता येते. अनोळखी माणसाला यूपीआयने दिलेले पैसे परत मिळवणं फार अवघड.

जपानमधून जुनी पर्स मागवली, ‘एबी’ दर्जाची. बाहेरून सुरेख आहे, पण आतला खिसा गोंद लावल्यासारखा चिकट. पावडर लावू का? – एक वाचक, बंगळुरू

लावू नका. पावडर दोन दिवस चिकटपणा झाकते आणि मग त्याच चिकट थरात मिसळून पांढरट चिखल होते.

तुमच्या पर्सच्या खिशाचं अस्तर कापडाचं नाही, कृत्रिम लेपाचं आहे. १९८० ते ९० च्या दशकांतल्या अनेक पर्सांत असं अस्तर होतं. हवेतला ओलावा वर्षानुवर्षं त्या लेपाचे बंध तोडत राहतो, लेप आधी चिकट होतो आणि मग पापुद्र्यांनी सुटतो. एकदा सुरू झाल्यावर ते थांबत नाही आणि उलटही फिरत नाही. उपाय एकच, अस्तर बदलणं. काही मॉडेलना कंपनी पैसे घेऊन बदलून देते. बाहेरच्या कारागिराकडून बदललंत तर पर्स वापरण्यासारखी होईल, पण विकताना ‘मूळ अस्तर नाही’ हे सांगावं लागेल आणि किंमत उतरेल. बदलून होईपर्यंत त्या खिशात काही ठेवू नका, आणि पर्स मिटून ठेवताना खिशात बटर पेपर सरकवा, म्हणजे दोन बाजू एकमेकींना चिकटणार नाहीत.

जपानी दुकानांच्या दर्जाबद्दल: साधारणपणे ‘एस’ म्हणजे जवळजवळ नवी, ‘ए’ म्हणजे चांगली, ‘एबी’ म्हणजे डोळ्यांना दिसणारे वापराचे डाग, ‘बी’ आणि ‘सी’ त्याखालच्या. पण हा दर्जा मुख्यतः बाहेरच्या रूपाचा. आतल्या चिकटपणाचा उल्लेख वर्णनात खाली, वेगळ्या ओळीत असतो. पुढच्या वेळी यंत्रानुवाद लावून ती ओळ शोधा. तशी ओळ नसेल आणि पर्स तीसेक वर्षांची असेल, तर विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

दर पावसाळ्यात कपाटातल्या पर्सांवर पांढरी बुरशी येते. सासूबाई डांबराच्या गोळ्या ठेवायला सांगतात. – एक वाचक, रत्नागिरी

डांबराच्या गोळ्या कसरीसाठी, बुरशीसाठी नव्हेत. त्यांचा वास चामड्यात आणि अस्तरात महिनोन्महिने बसतो आणि पर्स विकायची झाली तर तोच पहिला दोष निघतो. काही प्लास्टिकांवर त्यांच्या वाफेचे डागही पडतात. सासूबाईंना पैठण्यांच्या कपाटाबद्दल विचारा. तिथला ‘अधूनमधून बाहेर काढून वारा द्या’ हा त्यांचा नियम पर्सलाही तंतोतंत लागू आहे.

आता आलेली बुरशी काढायची कशी. पर्स गॅलरीत न्या, मास्क लावा. मऊ, कोरडा ब्रश घ्या, दाढीचा जुना ब्रश उत्तम. हलक्या हाताने, पर्सपासून बाहेरच्या दिशेने झटका. ओलं फडकं आधी लावलंत तर बुरशी शिवणीत आणि रंध्रांत दाबली जाते, ही नेहमीची चूक. झटकून झाल्यावर घट्ट पिळलेल्या मलमलच्या कापडाने पूर्ण बाजू एकदा पुसा. एकाच ठिकाणी पुसलंत तर तिथे ठिपका दिसेल. अस्तर बाहेर ओढा, पर्स उघडी ठेवून सावलीत पंख्याखाली दोन-तीन दिवस सुकवा. उन्हात नको, रंग उडतो आणि कडांचा लेप वितळतो. व्हिनेगर आणि स्पिरिटचे उपाय बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतात. रंगवलेल्या चामड्यावर दोन्हींनी रंग सुटू शकतो, मऊ मेंढ्याच्या चामड्यावर तर हमखास. पूर्ण सुकल्यावरच, तेही गुळगुळीत लेपाच्या चामड्यावर, कंडिशनरचा वाटाण्याएवढा थेंब कापडावर घेऊन पातळ फिरवा. वाकेताला, स्वेडला (मखमली पोताच्या चामड्याला) काहीही लावू नका. कुबट वास राहिला तर मोठ्या खोक्यात पर्स आणि शेजारी वाटीत खाण्याचा सोडा ठेवून आठवडाभर झाका. सोडा पर्समध्ये ओतू नका, शिवणीतून तो निघत नाही.

पण कपाट तसंच राहिलं तर ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा. ओल भिंतीतून येते. फळ्या पुसून, दारं उघडी ठेवून सुकवा. दोन-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक आत ठेवा. ४५ ते ५५ टक्के चांगलं, ६५ च्या वर बुरशी धरते, ४० च्या खाली चामडं सुकून तडकतं. सिलिका जेलच्या पुड्या ठेवता असं तुम्ही लिहिलं आहे. बुटाच्या खोक्यात येते ती दोन-तीन ग्रॅमची पुडी रत्नागिरीच्या जुलैत एका दुपारीच भरून जाते. मोठ्या पर्सला किमान पन्नास ग्रॅम लागतं, तेही रंग बदलणाऱ्या मण्यांचं, म्हणजे भरलं कधी ते कळतं. सुटे मणी पसरट धातूच्या ताटात ११० ते १२० अंशांवर ओव्हनमध्ये तास-दीड तास ठेवले की पुन्हा वापरता येतात. मणी कापडी पुडीत बांधा, चामड्याला टेकू देऊ नका. आणि दिवसातून दहा वेळा उघडणाऱ्या कपाटात कितीही जेल पुरत नाही. तिथे छोटा डीह्युमिडिफायर किंवा एसीची खोली हाच मार्ग.

पर्स प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नको, सुती पिशवीत ठेवा. आत वर्तमानपत्राचे बोळे भरू नका, शाई अस्तराला लागते. पांढऱ्या उशीच्या अभ्र्यात जुने बनियन भरून ती उशी आत ठेवा. साखळीचा पट्टा मलमलमध्ये गुंडाळून आत सोडा, नाहीतर चामड्यावर कड्यांचे ठसे उमटतात. हँडलला धरून खुंटीला टांगू नका. चकचकीत पेटंट चामड्याची पर्स एकटी ठेवा. शेजारणीचा रंग ती ओढून घेते आणि तो डाग जात नाही.

शनेलची क्लासिक फ्लॅप ‘सोन्यापेक्षा चांगली गुंतवणूक’ म्हणून घ्यावी का? – एक वाचक, नाशिक

गुंतवणूक म्हणून नको. आवडली असेल आणि पैसे बाजूला असतील तर घ्या.

भाव वाढले हे खरं. मध्यम आकाराची क्लासिक फ्लॅप अमेरिकेत २०१९ साली सहा हजार डॉलरांच्या आत होती, २०२४ मध्ये दहा हजारांच्या वर गेली. पण ती दुकानाची किंमत. तुम्ही विकायला गेलात की विकून देणारे साधारण वीस-तीस टक्के कमिशन कापतात, भारतातला जीएसटी परत मिळत नाही, आणि दुकानाने भाव वाढवले म्हणून जुन्या पर्सचं गिऱ्हाईक तेवढंच जास्त देईल असं नाही. बातम्यांत झळकतात त्या पर्स वेगळ्याच. जिच्या नावावरून बर्किन हे नाव पडलं त्या अभिनेत्री जेन बर्किन यांची स्वतःची, पहिली बर्किन २०२५ च्या जुलैमध्ये पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंना गेली, ती एकमेव वस्तू म्हणून. एर्मेसच्या बर्किन-केली आणि शनेलचे मोजके आकार सोडले तर बहुतेक डिझायनर पर्स दुकानाबाहेर पडताच बरीच किंमत गमावतात. हंगामी रंग, भरतकाम, प्राण्यांचे आकार, मोठ्या अक्षरांतली नावं यांची पडझड सर्वांत जोरात.

घ्यायचीच असेल तर जुन्यांकडेही बघा. दोन ‘सी’ची कडी असलेली फ्लॅप शनेलचे डिझायनर कार्ल लागरफेल्ड यांनी १९८३ मध्ये आणली, मूळची ‘२.५५’ ही फ्लॅप संस्थापक गाब्रिएल शनेल यांची, फेब्रुवारी १९५५ ची, म्हणून ते नाव. २००८ च्या आसपासपर्यंत शनेलच्या सोनेरी कड्यांना २४ कॅरेट सोन्याचा मुलामा असायचा, त्यामुळे तेव्हाच्या पर्सची झळाळी अजून टिकून असते. चामड्यांत दोन मुख्य पर्याय: मेंढीच्या कोकराचं चामडं लोण्यासारखं मऊ पण नखाचाही ओरखडा धरणारं, आणि ‘कॅव्हियार’ म्हणजे दाणेदार वासराचं, बरंच सोशिक. लोकलने जाणार असाल तर दुसरंच. बिल, खोकं, कापडी पिशवी, सगळं जपा; त्यांनी विकताना फरक पडतो.

आणि एक कराचा मुद्दा, बरेच जण विसरतात तो. २२ एप्रिल २०२५ पासून भारतात दहा लाखांवरच्या हँडबॅगवर विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ प्राप्तिकर, वेगळा घेतो. बारा लाखांच्या पर्सवर बारा हजार. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, रिटर्न भरताना वळता करून घ्या. अर्थात प्राप्तिकर खात्याला तुमची पर्स दिसते, हेही त्यातच आलं.

मुलीला भेटायला पॅरिसला जातोय. बायकोच्या पन्नाशीसाठी तिथे पर्स घेतली तर स्वस्त पडेल ना? – एक वाचक, कोल्हापूर

थोडी. फ्रान्समध्ये व्हॅट (विक्रीवरचा कर) २० टक्के आहे आणि परदेशी प्रवाशांना त्यातला काही भाग परत मिळतो, पण ते २० टक्के मूळ किमतीवर. २,००० युरोंच्या पर्समध्ये ३३३ युरो व्हॅट असतो, आणि परतावा देणारी कंपनी आपला हिस्सा कापून तुमच्या हातात साधारण १२ टक्के, म्हणजे २४० युरो देते. त्यासाठी खरेदी १०० युरोंच्या वर हवी, मूळ पासपोर्ट दुकानात दाखवायचा आणि फॉर्म घ्यायचा. विमानतळावर सामान चेक-इन करण्याआधी ‘पाब्लो’ नावाच्या मशीनवर फॉर्म स्कॅन करायचा. पडदा हिरवा झाला तरच काम झालं. पर्स न वापरलेली आणि हाताशी हवी, अधिकारी बघायला मागू शकतात. पॅरिसहून रोममार्गे परत येणार असाल तर शिक्का रोमला, युरोपीय संघातून जिथून बाहेर पडाल तिथे.

मुंबईत उतरल्यावर मात्र सीमाशुल्क आहे. मोफत मर्यादेवरच्या किमतीवर शुल्क लागतं. मर्यादा आणि दर बदलतात, निघण्याआधी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर पाहून ठेवा आणि ते जमेस धरूनच ‘स्वस्त’ म्हणा. शुल्काचं सामान जाहीर करायच्या लाल मार्गिकेतून जा. बिल लपवून खोकं फेकून देण्याची युक्ती अधिकाऱ्यांना तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

अमेरिकेतून भाच्याच्या लग्नाला येतेय. मगरीच्या चामड्याची क्लच आणू का? – एक वाचक, न्यू जर्सी

नका आणू. मगर, अजगर यांच्या चामड्याच्या वस्तू ‘साइटीस’ या वन्य जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतात. सीमा ओलांडायला परवाने लागतात, आणि परवाना नसेल तर विमानतळावर वस्तू जप्त होऊ शकते. दुरुस्तीसाठी परदेशी पाठवतानाही हाच नियम. लग्नाला मगरीसारखा ठसा दिलेल्या साध्या वासराच्या चामड्याची क्लच आणा. बिलावर ‘काफ लेदर’ लिहिलेलं असू द्या आणि बिल जवळ ठेवा.

फिक्या रंगाच्या पर्सला जीन्सचा निळा रंग लागलाय. – एक वाचक, अहिल्यानगर

पहिल्या एक-दोन दिवसांत असेल तर साध्या खोडरबराने, पांढऱ्या आणि मऊ, हलकं घासून बघा, आधी तळाशी न दिसणाऱ्या जागी. त्याने गेला नाही तर लेप दिलेल्या चामड्यासाठीचा क्लीनर, कापडावर घेऊन. बेबी वाइप्सनी पर्सचा लेपही निघतो, ते नकोत. आठवडे उलटले असतील तर डाग चामड्यात उतरला आहे. तो काढायचा नसतो, त्यावर रंग द्यायचा असतो, आणि ते काम रंग जुळवून देणाऱ्या कारागिराचं. नवी कोरी जीन्स दोन-तीनदा धुऊन होईपर्यंत फिकी पर्स घरीच ठेवा.